गोडी विहीर आणि एक पोस्टर : खारपाणपट्ट्यातल्या एका अभ्यासाचं प्रकरण

हे प्रकरण लिहायला गावाची परवानगी लागली आणि ती मिळायला वेळही लागला. ग्रामसभेत विषय निघाला, तेव्हा दोन अटी ठरल्या. गावाचं नाव द्यायचं नाही, आणि कोणत्या विहिरीत क्षारांचा आकडा किती तेही छापायचं नाही. आकडे ग्रामपंचायतीच्या वहीत आहेत, ज्याला हवेत त्याने तिथे येऊन पाहावेत. म्हणून इथे गाव म्हणजे अमरावती जिल्ह्यातलं, पूर्णा नदीच्या काठापासून थोडं आत असलेलं एक गाव. कॉलेज म्हणजे तालुक्याचं आमचं कॉलेज, जिथे मी रसायनशास्त्र शिकवते. आणि संस्था म्हणजे त्या भागात बचत गटांसोबत पाण्यावर काम करणारी चार-पाच जणांची एक छोटी संस्था.

अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांनी पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या पट्ट्यात, ८९४ गावं मोडतात. इथे बोअर जितकी खोल जाते, तितकं पाणी बहुतेक ठिकाणी अधिक खारं लागतं. वरची काळी चिकण माती पावसाळ्यात फुगते, पाणी आत जाऊ देत नाही, आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेले क्षार असावेत, दुसरी सोय नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. या पट्ट्यात कितीतरी बोअर ती मर्यादा सहज ओलांडतात. धरणांवरून नळयोजना आल्या, तरी नळाला रोज पाणी येतंच असं नाही. त्यामुळे प्रत्येक जुन्या गावात एक तरी 'गोडी विहीर' असते. सगळं गाव तिच्यावर वाढलेलं असतं. कोणाच्या घरची तूरडाळ कोणत्या पाण्यात शिजते आणि कोणत्या पाण्यात शिट्ट्यांवर शिट्ट्या होऊनही टणक राहते, ते बाया तोंडपाठ सांगतात.

या गावातल्या गोड्या विहिरीपासून थोड्याच अंतरावर संस्थेने एका बचत गटाला आरओ प्लांट, म्हणजे खाऱ्या पाण्यातले क्षार गाळून गोडं पाणी काढणारं यंत्र, उभा करून दिला होता. गावात त्याला 'फिल्टर' म्हणतात. दोन बाया तिथे कामाला आहेत, वीस लिटरची कॅन शहरातून येणाऱ्या गाडीपेक्षा स्वस्त मिळते. भिंतीवर गाडगेबाबांची ओळ रंगवली आहे, 'तहानलेल्यांना पाणी'. बाबा याच भागातले, त्यामुळे ती ओळ इथे शोभेला नाही, मनापासून लिहिलेली आहे. हे आधी सांगते, कारण पुढे जे झालं ते वाचून कोणाला प्लांट चालवणाऱ्यांच्या हेतूवर शंका येऊ नये.

प्रश्न कोणाचा होता

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या मुलांना क्षेत्र प्रकल्प आणि समुदाय सहभाग यांचे क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, घ्यावे लागतात. एका क्रेडिटला तीस तास, म्हणजे दोनला साठ. आमच्याकडे पहिल्या खेपेला सगळ्यांनी जे केलं तेच आम्हीही केलं. चार पानांची प्रश्नावली छापली आणि दारोदार पाठवली. बहुतेक दारं बंद होती. दिवाळीनंतरचे दिवस, कापसाची वेचणी जोरात, बाया सकाळीच शेतात जात होत्या. त्या परत येतात सहाला आणि आमच्या मुलींची शेवटची एसटी साडेपाचला. जी दारं उघडी होती तिथे म्हाताऱ्या माणसांनी मुलांना चहा पाजला आणि जमतील तशी उत्तरं दिली. त्या प्रश्नावल्या अजून माझ्या कपाटात आहेत. त्यांतून काहीही निघालं नाही.

संस्थेच्या ताईंनी मला एका रविवारी पहाटे गावात बोलावलं. पाणी भरायची वेळ होती. गोड्या विहिरीवर पाच-सहा बाया होत्या. त्यांतल्या एकीने, तिला सगळं गाव आजी म्हणतं, दोराला हात न थांबवता मला विचारलं, "मॅडम, तुमी शिकलेल्या हा, एवढं सांगा. ह्या विहिरीचं पाणी मचूळ काऊन झालं? दोन-तीन वर्साआधी असं नव्हतं."

पुढची दोन वर्षं आम्ही जे काही केलं, ते या एका प्रश्नासाठी केलं. तो ना कॉलेजचा होता, ना संस्थेचा. संस्थेला खरं तर वेगळंच हवं होतं, प्लांट बंद पडला तर कोणत्या विहिरी वापरता येतील याची यादी. दोन्ही एकाच मोजमापातून साधेल असं वाटलं आणि आम्ही हो म्हटलं. लिहून काहीच घेतलं नाही. ताईंची आणि माझी जुनी ओळख, त्यामुळे कागद करायचा विचारसुद्धा कोणाच्या मनात आला नाही.

मोजमाप

दुसऱ्या वर्षाची बारा मुलं-मुली निवडली. त्यांतल्या तिघी त्याच गावच्या किंवा शेजारच्या गावच्या होत्या, आणि पुढे काम टिकलं ते त्यांच्यामुळे. एसटीचं बंधन त्यांना नव्हतं. विहिरी, बोअर, हातपंप, नळ आणि प्लांट अशा सगळ्या जागा ठरवल्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये. पुढे ताडून पाहता यावं म्हणून आम्हीही तेच महिने धरले, आणि गोड्या विहिरीचं माप मात्र दर आठवड्याला.

साधन म्हणजे खिशातला टीडीएस मीटर, विरघळलेले क्षार मोजायचा. तो पाण्याची विद्युत वाहकता मोजतो आणि तिच्यावरून क्षारांचा अंदाज देतो. त्याने नायट्रेट कळत नाही, फ्लोराइड कळत नाही, जंतू तर नाहीच नाही. हे मी पहिल्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं, आणि तरीही महिन्याभराने एक मुलगा आकडा कमी आलेल्या हातपंपाला 'शुद्ध' लिहून आला. त्या हातपंपाशेजारी गोठा होता. हा गैरसमज गावातही पसरतो, म्हणून मी त्या शब्दावर फार कडक झाले. वहीत 'कमी खारं' लिहायचं, 'शुद्ध' नाही. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, हातपंप थोडा वेळ चालवून मगच नमुना घ्यायचा, दर सोमवारी प्रमाणित द्रावणात, म्हणजे ज्याचा आकडा आधीच माहीत आहे अशा पाण्यात, मीटर तपासायचा. पहिल्या आठवड्यात कोल्ड्रिंकच्या न धुतलेल्या बाटल्यांत आलेले सगळे नमुने फेकून दिले.

मार्च येईतो गोड्या विहिरीचा आकडा सतत चढत गेलेला दिसला. एका मुलीने, तीही त्याच गावची, प्लांटच्या मागे जाऊन पाहिलं. प्लांटचं वेस्टचं पाणी, म्हणजे गोडं काढून घेतल्यावर उरलेलं जास्त खारं पाणी, एका उघड्या नालीत सोडलेलं होतं, आणि नाली विहिरीपासून वीस पावलांवर एका खोलगट जागी संपत होती. तिथे पाणी साचून आटत होतं, कडेला पांढरा थर बसला होता.

वर्गात फळ्यावर हिशेब मांडला. आकडे गावाचे नव्हते, समजायला सोपे असे धरलेले. शंभर लिटर पाणी आत गेलं, लिटरमागे ३,००० मिलिग्रॅम क्षार. त्यातून चाळीस लिटर गोडं निघालं, लिटरमागे १००. मग उरलेल्या साठ लिटरांत? तीन लाखांतून चार हजार वजा केले, साठने भागले, जवळजवळ ४,९३० आले. दिवसाला पन्नास कॅन विकल्या तर एक हजार लिटर गोडं पाणी, आणि दीड हजार लिटर वेस्ट. म्हणजे रोज सात किलोहून जास्त क्षार एकाच खड्ड्यात. ज्या मुलीने नाली पाहिली होती ती एकदम म्हणाली, "मॅडम, रोज सात किलो मीठ, अन् तेही विहिरीच्या बाजूले!" वर्गात क्षणभर कोणी बोललं नाही. प्लांटवर काम करणाऱ्या दोघींपैकी एक तिची सख्खी काकू होती.

पोस्टर

चूक माझी आहे आणि ती कशी झाली ते नीट लिहायला हवं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत २००६ पासून 'आविष्कार' ही संशोधन स्पर्धा होते. तिच्या धर्तीवर आमच्या कॉलेजातही आंतरविभागीय पोस्टर स्पर्धा ठेवली होती. तिची तारीख गावात आकडे सांगायच्या बैठकीच्या आठ दिवस आधी आली. मुलांनी रात्र रात्र जागून पोस्टर केलं. गावाचा नकाशा, नकाशावर प्रत्येक विहीर, लाल-पिवळे-हिरवे ठिपके, मधोमध प्लांट आणि त्याच्यापासून विहिरीकडे जाणारा बाण. वर गावाचं नाव ठळक अक्षरांत. मी ते पाहिलं आणि होकार दिला. परीक्षक कॉलेजातलेच, कोण गावात सांगायला जातंय, असं मनात आलं. मुलांचं कौतुक व्हावं ही इच्छाही होती.

दुपारी बक्षीस मिळालं. संध्याकाळी कोणीतरी पोस्टरचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. रात्री दहाच्या आत तो गावाच्या ग्रुपवर होता, आणि त्याखाली ओळ होती, 'फिल्टरने विहीर नासवली.' दुसऱ्या सकाळी कॅन घ्यायला नेहमीच्या निम्म्याही बाया आल्या नाहीत. शहरातली कॅनची गाडी दुपारी दोन फेऱ्या मारून गेली. ग्रामपंचायतीत ज्या गटाला हा प्लांट आधीपासूनच नको होता, त्यांनी तो फोटो छापून पारावर चिकटवला.

ताईंचा फोन आला तेव्हा त्या चिडलेल्या नव्हत्या, आणि तेच जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आम्ही तुमाले गावात आणलं. आम्हालेच सगळ्यात शेवटी कळलं."

समाजमंदिरातली संध्याकाळ

आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. सहानंतर, शेतावरून बाया परतल्यावर. एसटी नव्हती, पालकांना विचारून मी दोन गाड्या केल्या. समाजमंदिर भरलं होतं. मी उभी राहून माफी मागितली, फोटो माझ्या होकाराने बाहेर आला हे सांगितलं. मुलं आपला तक्ता समजावून सांगायला लागली, तेवढ्यात आजीने थांबवलं. "तुमचं मीटर माह्या हातात दे."

तिने तीन स्टीलचे गिलास मागवले. एकात कॅनचं पाणी, एकात विहिरीचं, एकात नालीतलं. मीटर तिने स्वतः बुडवला, आकडा तिला वाचता येत नव्हता, तिच्या नातीने वाचला. मग तिने पहिल्या दोन गिलासांतलं पाणी एक-एक घोट घेऊन पाहिलं आणि तिसऱ्यात बोट बुडवून जिभेला लावलं. "बराबर हाय," ती म्हणाली. माझ्या दृष्टीने त्या अभ्यासाची पहिली खरी तपासणी तीच.

मग एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "मीटर खरं बोलते कशावरून?" मुलीने पिशवीतून प्रमाणित द्रावणाची बाटली काढली, त्यात मीटर धरून दाखवला. त्याने मान हलवली आणि दुसरा प्रश्न टाकला. "अन् उन्हाळा लागला की सगळ्याच विहिरी खाऱ्या होतेत. मंग ह्या विहिरीचं मीठ फिल्टरचं कायवरून म्हणता?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. पाणी खाली गेलं की क्षार गाढ होतात, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. तरी पोस्टरवर मार्चचा चढ थेट प्लांटच्या नावावर टाकला होता. ताडून पाहायला दुसरी विहीर घ्यायला हवी होती, जिच्याजवळ नाली नाही पण बाकी सगळं सारखं आहे. ती कोणती, तेही त्याच माणसाने सांगितलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच खोलीची, तशाच जमिनीतली एक जुनी विहीर होती, कोणी फारसं वापरत नव्हतं म्हणून आमच्या यादीत ती आलीच नव्हती. बक्षीस मिळालेल्या पोस्टरमधली सगळ्यात मोठी उणीव एका शेतकऱ्याने पाच मिनिटांत दाखवली. पोस्टर आधी गावात आलं असतं, तर ते कॉलेजात बरोबर होऊन गेलं असतं.

दुसरं वर्ष

दोन्ही विहिरी सोबत मोजायचं ठरलं. अडचण होती ती मे महिन्याची. मेमध्ये पाणी सगळ्यात खाली असतं, म्हणजे सगळ्यात जास्त सांगून जातं, आणि नेमका तेव्हा कॉलेजात परीक्षा नाही तर सुट्टी असते. साठ तास एप्रिलमध्येच भरलेले असतात. त्या तिघी मुलींनी क्रेडिटचा संबंध नसताना मेची मापं घेतली. पुढच्या वर्षी बचत गटातल्या दोन बाया त्यांच्याकडून शिकल्या.

सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत, ती सुरू झाली १९६९ मध्ये, पहिल्या वर्षाची तुकडी गावात शिबिराला जाते, मुलांना कुटुंबं वाटून दिलेली असतात, आणि पुढेही ती त्या गावात जात राहतात. सहा महिन्यांच्या सत्रात बसवलेल्या आमच्या प्रकल्पात ते सातत्य नाही, आणि पाण्याचा अभ्यास वर्षापेक्षा कमी वेळात होत नाही. यावर उपाय म्हणून आता मोजण्याची वही गावाची आहे, तुकडी बदलते, वही बदलत नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाने हे फार आधी करून दाखवलं. तिथे गावकऱ्यांचा अभ्यासगट बसतो, बाहेरची माणसं त्यात माहिती घेऊन येतात, आणि निर्णय ग्रामसभा घेते. १९२९-३० मध्ये गांधीवादी अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पांनी गुजरात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना घेऊन मातर तालुक्याची आर्थिक पाहणी केली होती. तेच कुमारप्पा पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम करायला आले. मुलांना घेऊन गाव अभ्यासायची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि तिला क्रेडिटची गरज कधी नव्हती. क्रेडिट आले आहेत तर त्यांचा उपयोग करून घ्यावा, एवढंच माझं म्हणणं.

वर्षभराच्या मापांतून काय निघालं? उन्हाळ्यात दोन्ही विहिरी खारावल्या, शेतकरी बरोबर होता. पण गोडी विहीर जास्त खारावली, मुलंही अगदीच चूक नव्हती. मधे प्लांटचं मेंब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, खराब होऊन तो काही आठवडे बंद राहिला. त्या काळात दोन विहिरींच्या आकड्यांतलं अंतर वाढायचं थांबलं. म्हणजे पोस्टरने सगळा दोष प्लांटवर टाकला होता, प्रत्यक्षात त्याचा वाटा आहे पण तो एकटाच कारण नाही. हे दुसरं वाक्य बाणासकट नकाशावर दाखवायला अवघड आहे. गावाला ते समजायला अजिबात अवघड गेलं नाही.

ग्रामसभेने प्लांट बंद केला नाही. वेस्टसाठी सिमेंटची टाकी बांधली, तिथलं पाणी शाळेच्या आणि समाजमंदिराच्या संडासाला आणि फरशी धुवायला जातं. उन्हाळ्यात हे नीट चालतं. पावसाळ्यात वापर कमी होतो, टाकी भरते आणि पाणी परत नालीला लागतं. पाऊस असल्यामुळे ते पातळ होतं, पण प्रश्न सुटला असं कोणी म्हणत नाही. संस्थेच्या ताई आता शाळेच्या छतावरचं पावसाचं पाणी साठवायच्या मागे आहेत, म्हणजे प्लांटवरचा भारच कमी होईल.

कागद

आता कोणत्याही गावात जाण्याआधी एका पानाचा कागद होतो. मराठीत, बोलीतले शब्द चालतील असा. सुरुवातीला प्रश्न कोणी विचारला त्या माणसाच्या शब्दांत लिहायचा. मग माप कोण घेणार, वही कोणाकडे राहणार, गाडीभाडं कोण देणार. आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ, जिच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे: निष्कर्ष सोबत काम करणाऱ्याच्या विरुद्ध निघाला तर आधी कोणाला सांगायचं. या ओळीवर प्रत्येक संस्था अडखळते. एका संस्थेने तर इथेच काम थांबवलं. मला ते बरं वाटलं, कारण मार्चमध्ये थांबण्यापेक्षा जुलैमध्ये थांबलेलं चांगलं. आमच्या कागदावर उत्तर असं आहे की आधी संस्थेला, पंधरा दिवसांच्या आत ग्रामसभेला, आणि ग्रामसभेने ऐकल्यावरच कॉलेजला. संस्थेला दुरुस्ती सुचवता येते, निष्कर्ष अडवता येत नाही. तोवर नकाशाचा फोटो काढायचा नाही.

गुणांची वाटणीही बदलली. आधी सगळे गुण जर्नलला होते, आता त्यांतला मोठा हिस्सा गावात वाचन केल्याला आहे. मुलाला आपला तक्ता वऱ्हाडीत समजावून सांगता आला पाहिजे आणि प्रश्नांना तोंड देता आलं पाहिजे. कॉलेजातल्या काही सहकाऱ्यांना हे मोजता न येणारं वाटतं. त्यांना मी एकदा समाजमंदिरात घेऊन जाणार आहे.

पोस्टर काढलेल्या मुलांशी गाव नंतर कसं वागलं, हे मला अनेकदा विचारतात. नाली पाहणारी मुलगी काही महिने काकूच्या घरी गेली नाही. काकूच तिला एका सकाळी प्लांटवर बोलावून घेऊन गेली आणि मीटर कसा धरायचा ते विचारलं. बचत गटातल्या ज्या दोघी आज मापं घेतात, त्यांतली एक ती काकू आहे. या मे महिन्याचं माप अजून व्हायचं आहे. मीटर गावातच आहे, द्रावणाची नवी बाटली मागच्या आठवड्यात पोचवली.